कामठीत घर घ्यायचं? आधी हद्द विचारा

मौद्याकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. तीन एकर धानाचं वावर आहे, ते विकून कामठीत राहायला यायचा विचार चाललाय. मुलीला पुढच्या वर्षी नागपुरात कॉलेजला घालायचं, त्यांची स्वतःची नोकरी कन्हानजवळच्या कारखान्यात, आणि म्हातारे आईवडील सोबत येणार. समोर दोन पर्याय आहेत. एक, जुन्या वस्तीतलं ओळखीच्या माणसाचं घर, भावानं बरंच कमी. दुसरा, येरखेड्याच्या बाजूला एका लेआउटमधला पंधराशे फुटांचा प्लॉट. "कामठी जुनं गाव, आता झपाट्यानं वाढतंय. राहायला कसं आहे? आणि दोन्हीतलं काय घ्यावं?"

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. कामठी, मौदा, पारशिवनी या पट्ट्यातच बरीचशी नोकरी गेली. आता लोक बयाणा द्यायच्या आधी कागद दाखवायला येतात, ते वाचून देतो. त्यामुळं मी सांगेन ते जमिनीच्या बाजूनं सांगेन. शाळा कोणती चांगली हे तिथले पालक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

भाऊ, तुमचा प्रश्न जुनं की नवं असा दिसतो, पण खरा प्रश्न हद्दीचा आहे. कामठी म्हणून आपण ज्याला बोट दाखवतो ते एक गाव नाही. मधे नगर परिषद आहे, तिला लागून कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे आणि भोवती गावं आहेत, त्यांतल्या काहींच्या ग्रामपंचायतींच्या आता नगरपंचायती होत आहेत. भोवतीच्या गावांवर बांधकाम परवानगीपुरती एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, ज्यात नागपूरभोवतीच्या ९ तालुक्यांतली ७१९ गावं आहेत. एका रस्त्याच्या डाव्या हाताला एक कार्यालय, उजव्या हाताला दुसरं. नळ कोण देणार, नाली कोण काढणार, नकाशा कोण मंजूर करणार आणि रात्री दिवा बंद पडला तर कोणाच्या दारात जायचं, हे सगळं घर कुठल्या हद्दीत आहे त्यावर ठरतं. राहण्यातला निम्मा त्रास किंवा निम्मं सुख तिथंच आहे.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, भोसल्यांचं राज्य इंग्रजांच्या मुठीत गेलं, आणि १८२१ साली कन्हानच्या काठावर त्यांनी फौजेची छावणी वसवली. गाव आधी आणि फौज नंतर असं इथं झालं नाही. फौज आली, तिच्यामागं व्यापारी, विणकर, बिडीवाले आले. मोदी पडाव, फुटाणा ओळ ही नावं त्या बाजारपेठेची खूण आहेत. म्हणून इथली जमीन मुळात सरकारच्या हातातली. पलीकडं येरखेडा, रनाळा ही मात्र शेतकऱ्यांची गावं, मालगुजारीतली म्हणजे जुन्या जमीनदारीतली, सातबाऱ्याची. शहराची हद्द भरून गेली तशी वाढ या गावांच्या वावरांवर सरकली. २०११ च्या जनगणनेत नगर परिषदेची लोकसंख्या ८६ हजारांच्या घरात होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षा फार जास्त नाही. जी झपाट्याची वाढ तुम्हाला दिसते ती हद्दीबाहेरची आहे. तुमचे दोन पर्याय म्हणजे या दोन वेगळ्या जमिनी आहेत.

आधी जुन्या वस्तीतलं घर घेऊ. ते स्वस्त का आहे हे पहिलं विचारा. कधी कारण साधं असतं. गल्ली अरुंद, चारचाकी दारापर्यंत जात नाही, मुलं पुण्याला, घर पडून. पण बऱ्याचदा कारण कागदात असतं. सिटी सर्व्हेतून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि सगळ्यात आधी सत्ताप्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्कानं धरलीय त्याचा रकाना वाचा. नझूल निघालं तर घाबरू नका, विदर्भातल्या बऱ्याच जुन्या शहरांत नझूल आहे. पण समजून घ्या की जमीन सरकारची, तुमच्या माणसाकडं पट्टा आहे. पट्ट्याचं नूतनीकरण झालंय का, भूभाटक भरलंय का, मागच्या मालकानं परवानगी न घेता विकून शर्तभंग केलाय का, मंजूर वापर राहण्याचा असताना खाली दुकान काढलंय का, हे बघायचं. थकबाकी आणि दंड घराच्या मागं येतात, माणसाच्या मागं जात नाहीत. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या नझूल जमिनींसाठी सरकारनं अभय योजना आणली होती, ठराविक रक्कम भरून जमीन भोगवटादार वर्ग १, म्हणजे पूर्ण मालकीची करून घ्यायची. विकणाऱ्यानं तो लाभ घेतलाय का, नसेल तर आता काय दर आहे, हे नझूल कार्यालयात विचारा आणि तो खर्च त्याच्याच भावातून कापा.

आखीव पत्रिकेवर दुसरी गोष्ट दिसेल ती नावांची. आजोबांच्या नावाखाली सहा वारस, त्यातल्या दोघांच्या खाली पुन्हा चार-चार. ज्या ओळखीच्या माणसानं तुम्हाला घर दाखवलं तो त्यातला एक असू शकतो. "बहिणींचं काही नाही, त्या सही करतील," हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की ते ऐकलं की मी चष्मा काढून ठेवतो. सगळ्यांच्या सह्या विक्रीपत्रावर हव्यात, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोड आधी होऊ द्या.

तिसरी गोष्ट भिंतीची. जुन्या घरांत शेजाऱ्यात आणि तुमच्यात एकच भिंत असते, विटा-मातीची, दोन्हीकडची मयाल तिच्यावर टेकलेली. तुम्ही घर पाडून नवीन बांधायला काढलं की शेजाऱ्याचं छत हलतं. मग पोलीस, मग कोर्ट. घेण्याआधी शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून चहा प्या आणि भिंतीचा विषय काढा. तो काय बोलतो यापेक्षा कसा बोलतो ते बघा.

कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतलं घर कोणी दाखवलं तर माझं मत स्पष्ट आहे, तुमच्यासारख्यानं त्यात पडू नये. तिथं बऱ्याच बंगल्यांची जमीन संरक्षण खात्याची असते आणि मालकाकडं फक्त वरचं बांधकाम, त्याला जुन्या काळापासून ओल्ड ग्रँट म्हणतात. एक खोली वाढवायची तरी बोर्डाची परवानगी. लष्करी हद्दीला लागून असलेल्या खाजगी जागेवरही बांधकामाला ना-हरकत लागू शकतं, तेवढं विचारून घ्या.

आता लेआउट. आपल्याकडं जाहिरातीत दोन शब्द हमखास असतात, एनएटीपी (एनए म्हणजे बिगरशेती, टीपी म्हणजे नगररचनेची मंजुरी) आणि आरएल (रिलीज लेटर, प्लॉट मोकळा केल्याचं पत्र). विकणारा ते असे उच्चारतो की पुढं काही विचारायची हिंमत होऊ नये. तुम्ही विचारा. बिगरशेती आदेशाची प्रत द्या. मंजूर नकाशा द्या, आणि मंजुरी तात्पुरती की अंतिम ते दाखवा. आरएल असेल तर ती या प्लॉट नंबरची आहे की अख्ख्या खसऱ्याची (सर्व्हे नंबरची)? महारेरा नंबर आहे का? आठपेक्षा जास्त प्लॉट आणि पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जागा, असं दोन्ही असेल तर नोंदणी लागते. त्याशिवाय "आधी रजिस्ट्री करून घ्या, एनए नंतर होते" असं कोणी म्हणालं तर तो तुम्हाला प्लॉट नाही, शेतीचा तुकडा विकतोय. तुकडेबंदीत, म्हणजे शेतीचे लहान तुकडे विकायच्या मनाईत, अलीकडं सवलती आल्यात हे खरं, पण सवलतीनं व्यवहार नियमित होतो, त्यानं रस्ता आणि नाली येत नाही.

मंजूर नकाशा हातात आला की मोकळी जागा कुठं दाखवलीय ते बघा आणि मग प्रत्यक्ष जागेवर ती शोधा. काही लेआउटमध्ये ती जागा मिळतच नाही, तिच्यावर घर उभं असतं.

यापुढची गोष्ट तुम्हाला दलालच काय, बहुतेक वकीलही सांगणार नाहीत. लेआउट ज्या खसऱ्यावर पडला त्या मौजाचा जुना गाव नकाशा आणि निस्तार पत्रक बघा. १९५१ साली मालगुजारी गेली, तेव्हा गावाला पांदण, तलाव, चराई, मसणवट, नाला यांवर जे वापराचे हक्क राहिले ते निस्तार पत्रकात उतरले. गाव नकाशात नाला दोन रेघांत असतो, पांदण तुटक रेघांची. आता लेआउटचा नकाशा त्याच्यावर ठेवा. एका लेआउटची मोजणी करताना मला तीन प्लॉट सरळ नाल्यावर बसलेले दिसले होते. जागेवर नाला नव्हताच, मुरूम टाकून सपाट केलेलं होतं, कोपऱ्यात छोटं मंदिरही होतं. फक्त कुंपणाच्या कडेला बेशरमाचं रान दाट होतं आणि उन्हाळ्यातही तिथली माती ओलसर लागत होती. पाणी आपली वाट विसरत नाही. जुलैत पहिला मोठा पाऊस आला की ते त्या तीन घरांच्या हॉलमधून जातं, आणि लोक ग्रामपंचायतीला शिव्या देतात. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या खसरा बघता येतो, पण जुन्या नकाशाची नक्कल कार्यालयातूनच काढा.

नदीचंही बघा. कन्हान, पेंच आणि कोलार या तीन नद्या बिना संगमाजवळ एकत्र येतात. २०२० च्या ऑगस्टअखेर वरच्या धरणांतून पाणी सोडलं तेव्हा पारशिवनी, कामठी, मौदा ते भंडाऱ्यापर्यंत काय झालं ते तुम्ही मौद्याचे, तुम्हाला मी काय सांगणार. नदीकाठच्या प्लॉटसाठी पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा विचारा. निळ्या रेषेच्या आत कितीही छान बगिचा दाखवला तरी घेऊ नका.

मातीचं तुम्ही शेतकरी म्हणून लवकर समजाल. कन्हारीत धान चांगलं होतं, घर होत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, आणि तिच्यावर उथळ पाया टाकला की घरही तिच्याबरोबर वरखाली होतं. लेआउटमधली पाच-सात वर्षांची दोन-तीन घरं मे महिन्यात बघून या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालेली असेल, मे महिन्यात तिच्यात नख जातं, ऑगस्टमध्ये ती मिटलेली दिसते. दरवर्षी मालक पुट्टी भरतो, दरवर्षी ती उघडते. उपाय आहे, पण पैसे लागतात. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा, नाहीतर तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाईल घालायचे, वर सगळीकडून प्लिंथ बीम बांधायचा, जोत्यात तीच काळी माती न भरता मुरूम भरायचा, आणि घराभोवती उताराची फरशी करायची म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही. बरडीवरचा, मुरमाड जमिनीचा प्लॉट थोडा महाग पडला तरी हिशेबात स्वस्त. कंत्राटदार पायाचा दर प्लॉट बघायच्या आधीच सांगत असेल तर त्याला माती बघायचीच नाही, एवढं समजा.

कामठी ही दगडाच्या आणि कोळशाच्या पट्ट्यातली जागा आहे. इथल्या वालुकाश्मावरून भूगर्भशास्त्रात एका खडकमालेलाच कामठी नाव पडलंय, आणि खाली कोळसा आहे. सिलेवाडा, गोंडेगाव या बाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणी आहेत. त्या अंगाला प्लॉट बघत असाल तर तो खसरा कोळसा क्षेत्र संपादनाच्या अधिसूचनेत आहे का ते तहसीलमध्ये विचारा, आणि दुपारी सुरुंगाच्या वेळेला तिथं उभं राहून बघा. दुसरं म्हणजे राख. कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रं जवळ आहेत. २०२२ च्या जुलैत कोराडीच्या खसाळ्याच्या राख बंधाऱ्याला भगदाड पडलं होतं. रोजच्या जगण्यात मात्र प्रश्न बारीक राखेचा असतो आणि तो जागेजागी वेगळा. मोजमाप शोधत बसू नका. शेजारच्या बाईंना विचारा, गच्चीवर वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळी कसं दिसतं.

पाण्याचं उत्तर कुठल्याही कागदात मिळणार नाही. लेआउटमध्ये बहुतेकांचं बोअरवर चालतं. मे महिन्यात शेजारच्या बोअरला किती वेळ पाणी येतं, टँकर किती दिवसाआड लागतो, हे विचारा. आपल्याकडं उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालतो आणि तोच पाणी पितो, हे पाहुण्यांना कळत नाही, तुम्हाला कळतं. नगर परिषदेच्या हद्दीत नळ आहे, पण दाब गल्लीगल्लीत वेगळा. म्हणून जुन्या वस्तीतलंही घर सकाळी नळाच्या वेळेला बघा, दुपारी चारला नाही.

येण्याजाण्याचं फार लिहीत नाही, ते सुधारतंय. कामठी रोडवरचा डबल डेकर पूल २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाला, ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रो मिळते, आणि दुसऱ्या टप्प्यात तीच मार्गिका कन्हान नदीपर्यंत येतेय. फक्त मेट्रोचा खांब दाखवून प्लॉटचा भाव वाढवणाऱ्याला स्टेशनपासूनचं अंतर पायी चालून दाखवायला सांगा. मुलीला रोज संध्याकाळी तेच अंतर चालायचंय, आणि त्या रस्त्यावर दिवे आहेत का हे तुम्हाला अंधार पडल्यावरच कळेल.

आईवडिलांचं मी वेगळं सांगतो, कारण प्रश्नात तुम्ही ते शेवटी एका ओळीत लिहिलंय आणि माझ्या अनुभवात घर टिकतं की विकलं जातं ते यावरच ठरतं. लेआउटमध्ये चार प्लॉटांत एकावर घर बांधलेलं, बाकी प्लॉट रिकामे, गवत कमरेएवढं. दिवसा सगळे कामावर. ज्या माणसानं आयुष्यभर पारावर बसून गप्पा मारल्या त्याला तिथं बोलायला कुत्रीच मिळतात. जुन्या वस्तीत घर लहान पडेल, पण दवाखाना, भाजी, मंदिर, बौद्ध विहार, मशीद सगळं पायी. बोली हिंदीकडं झुकलेली आहे, तीही आठ दिवसांत कानावर बसते. त्या गल्ल्यांत माणसं अजून एकमेकांना नावानं हाक मारतात. ज्यांनी जय भीम हे अभिवादन रुजवलं ते बाबू हरदास कामठीचेच. १२ जानेवारीला कन्हानकाठी त्यांच्या स्मारकाशी लोक जमतात, ते एकदा बघून या. ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिराच्या रस्त्यावर मोठ्या दिवसांना गर्दी असते, त्या बाजूला घर असेल तर तेवढं धरून चाला.

आता तुम्ही न विचारलेलं, पण सगळ्यात महत्त्वाचं. तिन्ही एकर विकू नका. आपल्या भागाला १९५८ चा विदर्भाचा वेगळा कूळ कायदा लागू आहे आणि त्याच्या कलम ८९ प्रमाणं बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. आज सगळं विकलंत आणि उद्या मुलीला किंवा तुम्हालाच पुन्हा वावर घ्यावंसं वाटलं, तर शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार? सातबारा गेला की सरकारी केंद्रावर धान देता येत नाही, पीककर्जही गेलं. विकायचंच तर प्रमाणभूत क्षेत्रात (कायद्यानं ठरवलेल्या किमान क्षेत्रात) बसेल असा भाग ठेवून बाकीचा विका, आणि जमीन वर्ग २ ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, तर नाही ना हे आधी पटवाऱ्याकडून बघून घ्या. तुमचं गाव मौदा शहरापासून दोन किलोमीटरच्या आत असेल तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, त्यासाठी सीएला एकदा भेटा.

मग काय करावं? तुमच्या जागी मी असतो तर आधी नगर परिषदेच्या हद्दीत, स्टेशन किंवा मुख्य रस्त्याच्या चालत्या अंतरावर, एक वर्ष भाड्यानं राहिलो असतो. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिथं काढला की कुठल्या बाजूचं पाणी, धूळ आणि माणसं आपल्याला झेपतात ते कळतं. वावर तोवर ठेक्यानं द्या, करार लिहून. वर्षानंतर आईवडील रमले असतील तर जुन्या वस्तीतलं घर घ्या, अट एवढीच की नझूलचं प्रकरण आणि वारसांच्या सह्या दोन्ही साफ झालेलं हवं. त्यात एकाचाही घोळ असेल तर भाव कितीही पाडला तरी नको. आईवडील गावीच परत गेले तर मात्र लेआउट बरा, पण मुरमाड जमिनीवरचा, अंतिम मंजुरीचा, आणि गावठाणाला लागून असलेला. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला बिगरशेतीची वाट कायद्यानं सोपी केलीय, शिवाय जुन्या गावाची नाली आणि विजेचा खांब तिथवर आधीच आलेला असतो. तुमची नोकरी पुढं बदलणार असेल, किंवा मुलगी वसतिगृहात राहायला तयार असेल, तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी विक्रीपत्राआधी सरकारी मोजणी मागा, आणि मोजणीची क प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) हातात आल्याशिवाय बयाण्याच्या वर रक्कम देऊ नका. मोजणीची फी विकणाऱ्यानं भरावी असं सुचवून बघा. ज्याची जागा जागेवर आहे तो कुरकुर करत का होईना भरतो. जो "मोजणी कशाला, सगळं क्लिअर आहे" म्हणत आठवडाभर टाळतो, त्याच्या खसऱ्याचा नंबर इथं लिहा, मौजाच्या नावासकट. गाव नकाशावर काय दिसतं ते बघून सांगतो.